हेड फेसिंगनंतर फक्त जाड गॅस्केट टाकून भागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९८ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आंबोली घाटात तापली आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं. हेड वाकलंय, अर्धा मिलिमीटर फेसिंग (हेडचा खालचा फेस मशीनवर कापून सपाट करणं) करावं लागेल, असं मशीन शॉपमधून सांगितलं. मेकॅनिकचं म्हणणं आहे की कापल्यावर कॉम्प्रेशन वाढेल, म्हणून जाड गॅस्केट टाकू म्हणजे झालं. घरातल्या बोलेरो डीआयचंही हेड उतरवलंय, त्यातून ०.३ मि.मी. काढायचंय आणि तिलाही हाच उपाय सुचवलाय. हे बरोबर आहे का आणि आणखी काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

जाड गॅस्केट हा मारुतीसाठी अपुरा उपाय आहे, तोही बहुधा न लागणारा. बोलेरोसाठी तो चुकीचा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडची कामं करताना हा प्रश्न माझ्यासमोर कायम येतो. उत्तर प्रत्येक इंजिनाला वेगळं असलं तरी विचार करायची पद्धत एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेडच्या वरच्या भागातली जवळपास सगळी मापं खालच्या फेसपासून धरलेली असतात. व्हॉल्व्ह फेसच्या किती आत बसतो, इंजेक्टरचं टोक किती बाहेर येतं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट (कॅम) क्रँकपासून किती उंचीवर आहे, बोल्ट ब्लॉकमध्ये किती खोल जातो, हे सगळं तिथून मोजतात. फेस अर्धा मिलिमीटर वर सरकला की यातलं प्रत्येक अंतर अर्ध्या मिलिमीटरने बदलतं. त्यातली काही अंतरं बदलली तरी इंजिन तक्रार करत नाही, काही मात्र अजिबात बदलून चालत नाहीत. कोणती कुठल्या गटात मोडतात, ते कंबश्चन चेंबर (इंधन जळण्याची जागा) हेडमध्ये आहे की पिस्टनमध्ये, आणि कॅम वर आहे की खाली ब्लॉकमध्ये, यावर ठरतं. मारुती आणि बोलेरो या दोन्ही बाबतींत एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पण कापण्याचा विचार करण्याआधी हेड नीट मोजा. अर्धा मिलिमीटर हा आकडा कुठून आला ते शॉपमध्ये विचारा. हेड स्वच्छ करून त्यावर चांगली स्ट्रेट एज ठेवा. लांबीच्या दोन, रुंदीच्या दोन आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन, अशा सहा रेषांवर फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. गॅस्केटच्या फेससाठी सुझुकीने दिलेली मर्यादा ०.०५ मि.मी. आहे आणि मॅनिफोल्ड बसतो त्या फेससाठी ०.१० मि.मी. वाक त्याहून जास्त निघाला तर सरफेस प्लेटवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून हेड त्यावर घासा आणि उंचवटे काढा, तेवढ्याने जमलं नाही तर हेड बदला, असं कंपनीचं मॅन्युअल सांगतं. मशीनवर अर्धा मिलिमीटर काढा असं ते कुठेही म्हणत नाही. आपल्याकडे नवं हेड मिळणं आणि परवडणं या दोन्ही अडचणी आहेत, म्हणून आपण फेसिंग करतो, आणि नीट केलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण कंपनीने आखलेल्या हद्दीबाहेर आपण काम करतोय हे ठाऊक असलं की पुढच्या दुरुस्त्या टाळाव्याशा वाटत नाहीत.

अॅल्युमिनियमचं हेड तापलं की बहुतेक वेळा मध्ये उचललं जातं. मधला भाग सगळ्यात जास्त गरम होतो, त्याला पसरायचं असतं, पण दोन्ही टोकं बोल्टांनी धरून ठेवलेली असतात. त्यामुळे फिलर गेज मधल्या सिलिंडरखाली सर्वांत जास्त आत जातो. आता खरा मुद्दा. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेडचा फक्त खालचा फेस वाकत नाही, पूर्ण हेड वाकतं, आणि कॅमशाफ्ट ज्या जर्नलमध्ये फिरतो ती रेषाही सोबत वाकते. तुम्ही खालचा फेस कापून सपाट केलात तर वरची रेषा वाकलेलीच राहते. न कापलेलं हेड बोल्टने आवळल्यावर निदान थोडं तरी सरळ होतं. कापलेलं हेड मात्र त्याच वाकलेल्या आकारात पक्कं होतं. मग कॅम मधल्या जर्नलवर घासतो, तेलाचा थर टिकत नाही, आणि काही हजार किलोमीटरनंतर कॅम अडकला किंवा मोडला की दोष तेलावर जातो.

म्हणून फेसिंगला देण्याआधी रॉकर काढून टाका, जर्नलला तेल लावा आणि नुसता कॅम घालून हाताने फिरवा. तो बोटांनी सहज फिरायला हवा. अडकत असेल तर आधी हेड सरळ करून घ्या. त्यासाठी हेड जाड लोखंडी प्लेटवर पालथं ठेवतात, दोन्ही टोकांखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) देतात, मधला भाग बोल्टने खाली ओढतात आणि सगळं मिळून भट्टीत २०० अंशांच्या थोडं वर काही तास ठेवतात. नंतर भट्टीतच हळूहळू थंड होऊ देतात. घाईने बाहेर काढलं, पाणी किंवा हवा मारली तर केलेलं सगळं वाया जातं. नीट सरळ केलेल्या हेडला मग अर्धा मिलिमीटर कापावंच लागत नाही, ०.१ किंवा ०.१५ मि.मी.मध्ये फेस साफ होतो. माझ्या मते या सगळ्या कामात पैसे खर्च करण्यासारखी सर्वांत चांगली जागा हीच आहे. जितकं कमी कापाल तितक्या नंतरच्या दुरुस्त्या कमी.

याच टप्प्यावर आणखी दोन तपासण्या करून घ्या. पहिली प्रेशर टेस्ट. पाण्याची भोकं प्लेट आणि रबराने बंद करून आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. थंड हेडमध्ये न दिसणारी चीर गरम पाण्यात उघडते. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली जागा आणि प्लगच्या आट्यांभोवतीची जागा विशेष बघा. दुसरी तपासणी कडकपणाची. हेडचं अॅल्युमिनियम उष्णोपचार करून कडक केलेलं असतं. या कामातल्या नेहमीच्या मिश्रधातूचा कडकपणा ८० ब्रिनेलच्या आसपास असतो. हेड फार तापलं की हा गुण निघून जातो आणि धातू मऊ पडतो. सिलिंडरच्या मधला आकडा कडेच्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तर ते हेड कितीही सपाट कापा, बोल्टच्या दाबाखाली ते पुन्हा बसणार आणि गॅस्केट पुन्हा जाणार. अशा हेडवर फेसिंगचा खर्च करू नका, दुसरं हेड शोधा.

बरोबर ब्लॉकचाही फेस त्याच स्ट्रेट एजने तपासा. हेड आरशासारखं करून वाकड्या ब्लॉकवर बसवलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात.

आता प्रत्यक्ष कापणं. आपल्याकडच्या बऱ्याच शॉपमध्ये दगडाचं सरफेस ग्राइंडर असतं. बिडाच्या हेडला ते उत्तम. अॅल्युमिनियम मात्र दगडात भरतं, मग दगड कापायच्या ऐवजी घासायला लागतो, फेस तापतो आणि त्यावर ओरखडे उठतात. अॅल्युमिनियमला एकाच टूलचा मोठा फ्लाय कटर हवा, पीसीडी (कृत्रिम हिऱ्याचं) टूल असेल तर फारच छान. बिडाला सीबीएन (बोरॉन नायट्राइडचं) टूल. शेवटचा कट हलका आणि फीड मंद ठेवायचा. फेस किती गुळगुळीत हवा ते गॅस्केट ठरवतं. जुन्या पद्धतीच्या कंपोझिट गॅस्केटला थोडा दातेरी फेस चालतो, दीड-दोन मायक्रॉन आरएचा (आरए म्हणजे खडबडीतपणाचं माप), त्यात ते घट्ट धरून बसतं. पत्र्यांच्या थरांच्या एमएलएस गॅस्केटला ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत फेस लागतो. तुमच्या मारुतीला कंपोझिट गॅस्केट टाकणार असाल तर जास्त चकाकीच्या मागे लागू नका.

कापून झाल्यावर हेडची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजायला सांगा. हेड मशीनवर तिरकं बसलं असेल तर एका बाजूने ०.३ आणि दुसऱ्या बाजूने ०.६ जातं, आणि नुसती स्ट्रेट एज ठेवून हे कळत नाही, कारण फेस सपाटच असतो. तिरकं कापलेल्या हेडमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन वेगवेगळं येतं आणि आयडलिंग कधीच नीट लागत नाही.

चेंबरच्या कडाही बघा. कटर गेला की त्या सुरीसारख्या धारदार होतात. अशी पातळ कड चालू इंजिनात लाल होते आणि स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवते. बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक चेंबरची कड हलकी मोडून घ्यावी, बोल्टच्या भोकांनाही थोडा उतार द्यावा. पंधरा मिनिटांचं काम आहे, बिलात लिहीत नाहीत आणि म्हणूनच राहून जातं.

आता मारुतीचं कॉम्प्रेशन. बोअर ६८.५ मि.मी., स्ट्रोक ७२ मि.मी., म्हणजे एका सिलिंडरचं घनफळ २६५.३ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन अगदी खाली असतानाची जागा भागिले अगदी वर असतानाची) ८.७. यावरून पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा निघते, २६५.३ भागिले ७.७, म्हणजे ३४.५ सीसी. हेडमधल्या चेंबरचं तोंड बोअरच्या तीन-चतुर्थांश आहे असं धरू. अर्धा मिलिमीटर कापल्यावर चेंबरमधून सुमारे १.४ सीसी जागा जाते. उरली ३३.१ सीसी, आणि नवा रेशो झाला ९.०. पाव मिलिमीटरला ८.८५ च्या आसपास, आणि पूर्ण एक मिलिमीटर कापलं तरी ९.४ पर्यंत. तुमच्या हेडचं नेमकं माप काढायचं असेल तर व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवा, चेंबरवर ग्रीस लावून भोकाची अॅक्रिलिक पट्टी चिकटवा आणि ब्युरेटने केरोसीन भरा. तिन्ही चेंबरमध्ये अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक नको.

८.७ वरून ९.० हा फरक साध्या पेट्रोलवर हे इंजिन सहज सोसतं. फार तर डिस्ट्रिब्युटर एक-दोन अंश मागे घ्यावा लागेल. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून टकटक येते का ते ऐका, आली तरच मागे घ्या. गाडी सीएनजीवर असेल तर वाढलेला रेशो फायद्याचाच.

मेकॅनिक म्हणतात तसं जाड गॅस्केट टाकलं तर काय होतं? गेलेली १.४ सीसी परत मिळवायला गॅस्केट साधारण ०.३५ मि.मी.ने जाड लागेल. रेशो परत ८.७ होईल हे खरं. पण चेंबरच्या बाजूचा हेडचा सपाट भाग आणि पिस्टन यांच्यातली फटही ०.३५ मि.मी.ने वाढेल. पिस्टन वर येताना याच फटीतलं मिश्रण दाबून चेंबरमध्ये ढकलतो, त्याने घुसळण होते आणि ज्वाला झपाट्याने पसरते. फट रुंद झाली की घुसळण कमी होते आणि तिथलं मिश्रण शेवटपर्यंत न जळता थांबून एकदम स्फोटासारखं पेटतं. म्हणजे टकटक टाळायला टाकलेलं गॅस्केटच टकटकीला वाट करून देऊ शकतं. शिवाय जाड गॅस्केट म्हणजे आगीसमोर जास्त उघडी कड. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत कापलं असेल तर मूळ जाडीचंच चांगलं गॅस्केट वापरा, हे माझं स्पष्ट मत आहे. आधी कधीतरी कापलेलं हेड पुन्हा कापून एकूण एक मिलिमीटरच्या पुढे गेलं असेल, तरच जाड गॅस्केटचा विचार करायचा.

मारुतीत गॅस्केटपेक्षा महत्त्वाची गोष्ट कॅमच्या टायमिंगची आहे. कॅम हेडवर आहे आणि बेल्टने फिरतो. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो. बेल्टची ताणलेली बाजू तेवढीच लांब असते, अंतर मात्र कमी झालेलं असतं, आणि टेन्शनर ढिल्या बाजूला असतो. त्यामुळे ती जास्तीची लांबी कॅम पुलीच मागे फिरून भरून काढते आणि कॅम उशिरा चालायला लागतो. हिशोब सोपा आहे. पुलीची त्रिज्या ६० मि.मी.च्या आसपास धरली तर अर्ध्या मिलिमीटरला कॅम जवळपास अर्धा अंश मागे जातो. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर मोजलं तर एक अंश. एक मिलिमीटरला दोन अंश. एका अंशाने रस्त्यावर काही जाणवत नाही. दोन अंशांनी खालच्या आरपीएमचा जोर किंचित कमी होतो, घाटात गिअर उतरवावा लागतो आणि मालक म्हणतो, हेड केल्यापासून गाडीत दम नाही.

यावर बेल्ट एक दात पुढे घ्या असा सल्ला काही जण देतात, तो कधीही मानू नका. चाळीस दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे नऊ अंश, क्रँकचे अठरा. दोन अंशांची चूक सुधारताना सोळा अंशांची नवी चूक पदरात पडते. खरा उपाय म्हणजे पुलीची डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) किंवा चावी थोडी बाजूला सरकवलेली बनवणं, किंवा पुलीची भोकं लांबट करून डायल गेजवर टायमिंग लावून पक्कं करणं. चांगला टर्नर ऑफसेट चावी सहज करून देतो. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी हे करणार नाही, एक मिलिमीटरसाठी जरूर करीन. चेनच्या इंजिनातही हाच हिशोब लागू होतो. तिथे पुढचं टायमिंग कव्हर हेडला वरून भिडत असेल तर कव्हरची वरची कडही तेवढीच कापावी लागते, नाहीतर कोपऱ्यातून तेल गळत राहतं.

बोल्टची एक तपासणी सगळे विसरतात. हेड अर्धा मिलिमीटर पातळ झालं की बोल्ट ब्लॉकमध्ये अर्धा मिलिमीटर जास्त खोल जातो. भोक तळाला बंद असेल आणि त्यात जुनं तेल किंवा कार्बन साचला असेल तर बोल्ट तळाला टेकतो. टॉर्क रेंच क्लिक करतो, पण हेडवर दाब आलेला नसतो. भोकं टॅप फिरवून साफ करा, हवा मारा आणि गॅस्केटशिवाय हेड ठेवून बोल्ट हाताने पूर्ण बसतात का ते बघा. टेकत असतील तर डोक्याखाली कडक वॉशर घाला. डॉवेल पिनांचंही तसंच, त्या हेडला आतून टेकून फेस उचलून धरत नाहीत ना ते पाहा.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरला सहसा अडचणीचं होत नाही, पण तपासायला पैसे लागत नाहीत. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावा, जुन्या गॅस्केटसह हेड हलकं आवळा, बेल्ट लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि उघडून क्लेची सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर मिळाले की निश्चिंत राहा.

आता बोलेरो. २५२३ सीसीचं पुशरॉडचं (खालचा कॅम लांब दांड्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडतो असं) इंजिन, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मि.मी., म्हणजे बरोब्बर साडेतीन आणि चार इंच. कॅम खाली ब्लॉकमध्ये आहे, त्यामुळे वर सांगितलेली टायमिंगची चिंता इथे नाही. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे जळण्याची जागा पिस्टनमधल्या वाटीत आहे आणि हेडचा फेस सपाट. सपाट फेस ०.३ मि.मी. कापला तरी हेड खाली येऊन गॅस्केटवर तसंच बसतं. पिस्टन आणि हेडमधलं अंतर होतं तेवढंच राहतं. या अंतराला आपण बंपिंग क्लिअरन्स म्हणतो, आणि ते गॅस्केटची जाडी, ब्लॉकची उंची आणि पिस्टन किती वर येतो यांवर ठरतं, हेड किती कापलं यावर नाही.

मग कॉम्प्रेशन वाढतं ते किती? फक्त व्हॉल्व्हच्या तोंडापुढचे खोलगट भाग उथळ होतात तेवढंच, सिलिंडरमागे अर्धा-पाऊण सीसी. रेशो १८ धरला तर पिस्टनच्या वर ३७ सीसी जागा आहे, त्यात हा फरक किरकोळ. आता तिथे ०.३ मि.मी. जाड गॅस्केट टाका. पूर्ण बोअरभर ती जाडी वाढते, जवळजवळ १.९ सीसी, आणि रेशो १८ वरून १७.२ वर येतो. थंडीत सकाळी सुरू व्हायला त्रास, पांढरा धूर, आणि भार घेताना काळा धूर. न झालेला आजार बरा करायला दिलेल्या औषधाचा हा परिणाम.

बोलेरोच्या हेडला ज्या दुरुस्त्या खरोखर लागतात त्या वेगळ्याच आहेत, आणि तिथे टाळाटाळ चालत नाही. पहिली व्हॉल्व्हच्या खोलीची. डीआय डिझेलमध्ये पिस्टन हेडच्या फार जवळ येतो, म्हणून व्हॉल्व्ह फेसच्या ठरावीक आत बसलेला असतो. ०.३ मि.मी. कापलं की ती खोली तेवढीच कमी झाली. डायल गेज फेसवर ठेवून प्रत्येक व्हॉल्व्हची खोली मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा आणि कमी असेल तर सीट तेवढी खोल कापून घ्या. व्हॉल्व्ह आठही सारखे बसले पाहिजेत. फार खोल गेले तर कॉम्प्रेशन पडतं, वर राहिले तर एक दिवस पिस्टनला शिवतात.

सीट खोल कापली की व्हॉल्व्हचा दांडा वरच्या बाजूला तेवढाच जास्त बाहेर येतो. स्प्रिंगही तेवढी ढिली बसते. म्हणून स्प्रिंगखाली तेवढ्याच जाडीचा शिम घाला. दांड्याचं टोक ग्राइंड करायचं असेल तर अगदी हलकं, कारण टोकाचा कडक थर पातळ असतो. तो गेला की रॉकर टोकात खड्डा पाडतो. रॉकरच्या बाजूने पाहिलं तर हेड खाली आलं, पण पुशरॉडची लांबी तीच राहिली. या इंजिनाला अॅडजस्टिंग स्क्रू आहेत, ०.३ मि.मी. त्यात सहज सामावतं, टॅपेट क्लिअरन्स नव्याने लावलं की पुरे. स्क्रू शेवटापर्यंत मागे जात असतील तर रॉकर स्टँडखाली शिम द्या. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात मात्र स्क्रू नसतो, तिथे दांड्याची उंची मॅन्युअलप्रमाणे आणावीच लागते, नाहीतर टॅपेट भरला की व्हॉल्व्ह बंदच होत नाही आणि जळतो.

दुसरी दुरुस्ती इंजेक्टरच्या टोकाची. फेस वर सरकला की टोक ०.३ मि.मी. जास्त बाहेर येतं, आणि डिझेलची फवार पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या जागेच्या खाली लागते. धूर वाढतो, वाटीची कड जळते, डिझेल तेलात उतरतं. उपाय सोपा आहे. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर तेवढा जाड घ्या, आणि टोक किती बाहेर येतं ते मोजून खात्री करा. दोन वॉशर एकावर एक घालू नका, त्यामधून गळती होते. एकच हवा, आणि तो नवा.

इथे कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. काही शॉप आधी सीट कापून, लॅपिंग करून (व्हॉल्व्ह सीटवर घासून), व्हॉल्व्ह बसवून मग फेसिंग करतात. डिझेलमध्ये हे उलटं आहे. आधी चीर आणि वेल्डिंगचं काम, मग गाइड, मग फेसिंग, आणि शेवटी नव्या फेसपासून मोजून सीट.

बोलेरोचं बंपिंग क्लिअरन्स शेवटी शिशाच्या तारेने तपासा. पिस्टनच्या डोक्यावर, पिनच्या रेषेत दोन बाजूंना तार ठेवा, नव्या गॅस्केटच्या जाडीचं जुनं गॅस्केट टाकून हेड पूर्ण टॉर्कला आवळा, इंजिन हाताने फिरवा आणि दबलेली तार मायक्रोमीटरने मोजा. ब्लॉकचा फेस कापला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा पिस्टन खरोखर वर येतो, आणि तिथे जाड गॅस्केटच लागतं. वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट कंपन्या याचसाठी देतात. पहिल्या ऑक्टाव्हियात येणाऱ्या १.९ टीडीआयचं उदाहरण घ्या. पिस्टन ब्लॉकच्या वर ०.९१ ते १.०० मि.मी. आला तर एका भोकाची खूण असलेलं गॅस्केट, १.०१ ते १.१० ला दोन भोकांचं, १.११ ते १.२० ला तीन भोकांचं. गॅस्केट पिस्टनच्या उंचीवरून निवडलं जातं, हेड किती कापलं यावरून नव्हे. त्या हेडचं फेसिंग तर कंपनीला मान्यच नाही. वाकलं तर बदला, असाच नियम आहे.

जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेल गाड्यांत, म्हणजे २११२ सीसीच्या प्यूजो इंजिनाच्या महिंद्रा जीपसारख्या, हेडमध्ये प्री-चेंबरचे (डिझेल आधी जिथे पेटतं त्या छोट्या खोलीचे) कडक इन्सर्ट बसवलेले असतात. ते जागेवर ठेवून फेसिंग केलं तर कटर मऊ धातूत खोल जातो आणि इन्सर्टवर उडतो. इन्सर्ट काढून हेड कापावं, त्याची बैठक तेवढीच खोल करावी आणि परत बसवून तो फेसच्या पातळीत, फार तर काही शतांश मिलिमीटर वर आहे ना ते डायलने बघावं. खाली गेला तर गॅस्केटची रिंग तिथे उघडी पडते आणि जळते.

बसवताना नेहमीची शिस्त पाळा. गॅस्केटची वरची बाजू वर, बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. कंपोझिट गॅस्केट आणि साधे बोल्ट असतील आणि मॅन्युअलने सांगितलं असेल तर इंजिन एकदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क द्या. ताणून बसवायचे बोल्ट प्रत्येक वेळी नवेच घ्यायचे, त्यांना नंतर पुन्हा आवळत नाहीत. मारुती का तापली ते शोधल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. रेडिएटर आतून साफ करा, फॅनचा स्विच कोणत्या तापमानाला लागतो ते बघा, वॉटर पंप बघा. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर नवा थर्मोस्टॅट आणून बसवा. तो काढल्याने रेडिएटरचा दोष झाकला जातो, इंजिन मात्र सपाटीवर कायम थंड चालतं आणि पेट्रोल जास्त पितं.

मशीन शॉपमधून हेड घेताना तीन आकडे बिलावर लिहून मागा. किती कापलं, चार कोपऱ्यांची जाडी, आणि बोलेरोसाठी आठही व्हॉल्व्हची खोली. एकूण कापलेलं माप हेडच्या बाजूला, फेसपासून लांब, पंचाने उमटवून घ्या. पुढे कधी हे हेड पुन्हा टेबलावर आलं तर मूळ जाडीतून आधी किती गेलंय ते तिथल्या माणसाला वाचता येईल.